कार्नेशनला हिवाळाच द्यावा

कर्जत स्थानकावरून कोंदिवड्याच्या बाजूला, नेरळहून कळंबकडे, किंवा चौकफाट्यावरून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्याने जो कोणी आज प्रवास करील, त्याला दोन्ही अंगांना रोपवाटिकांच्या हिरव्या जाळ्या दिसल्यावाचून राहणार नाहीत. आणि त्या जाळ्यांखाली ओळीने मांडलेल्या काळ्या पिशव्यांत, शेवंती, डेलिया, पिटुनिया यांच्या शेजारी, निळसर राखी रंगाच्या अणकुचीदार पानांचे आणि दातेरी कडांच्या पाकळ्यांचे कार्नेशनही त्याच्या दृष्टीस पडेल. गेल्या तीस वर्षांत कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतील कित्येक भातखाचरे बिनशेती झाली, सातबाराच्या उताऱ्यांवर मुंबईकरांची आणि पुणेकरांची नावे चढली, बांधांच्या जागी कुंपणाच्या भिंती आल्या, आणि बंगल्यापुढे बाग हवी ही हौस त्यामागून ओघानेच आली. ही हौस मला आदरणीय वाटते. जो मनुष्य आठवडाभर शहरात राबून शनिवारी येथे येतो आणि पहिल्या प्रथम आपल्या वाफ्यातल्या रोपाची विचारपूस करतो, त्याच्याविषयी माझ्या मनात ममत्व आहे. म्हणूनच त्याला एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. कार्नेशन या दोन तालुक्यांत अवश्य लावावे, मन लावून वाढवावे, परंतु त्याला आश्विनापासून फाल्गुनापर्यंतचीच मुदत द्यावी. ती संपली की त्याला निरोप द्यावा, आणि बारा महिने त्याला येथे जगवण्याचा आग्रह धरू नये.

या मताला आधार आहे तो त्या वनस्पतीच्या मूळ भूमीचा. कार्नेशन हे भूमध्य समुद्राच्या काठचे झाड. त्या प्रदेशातील ऋतुचक्र आणि आपले ऋतुचक्र यांत जो भेद आहे तो उष्णतेचा किंवा थंडीचा फारसा नाही. तो आहे पाऊस कोणत्या काळात पडतो याचा. तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. त्यामुळे तेथल्या झाडांना पाणी मिळते ते थंडीत, आणि उष्णतेच्या दिवसांत मुळांभोवतीची माती सुकलेली असते. कार्नेशनची अरुंद पाने आणि त्यांवरचा मेणासारखा राखी लेप ही त्या कोरड्या उन्हाळ्यासाठी निसर्गाने केलेली तजवीज आहे. आपल्याकडे याच्या अगदी उलट घडते. कर्जतला वर्षाकाठी सुमारे साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळाच्या सगळा मृगापासून हस्तापर्यंतच्या चार महिन्यांत, हवा उबदार आणि दमट असताना. उष्णता आणि ओल एकत्र आली की मातीतील बुरशीला जे साम्राज्य मिळते त्याच्यापुढे या झाडाची मुळे टिकाव धरू शकत नाहीत. कारण उबदार चिखलात उभे राहण्याचा प्रसंग त्याच्या पूर्वजांवर कधी आलेलाच नव्हता. उलट पाऊस निघून गेल्यावर येथे जो स्वच्छ, कोरडा, थंड रात्रींचा काळ येतो, त्या काळात हाताने मोजके पाणी दिले तर कार्नेशनच्या मूळ देशातील वसंत ऋतूच आपण त्याला मिळवून देतो.

हा वसंत तेथे किती भरात असतो याची साक्ष इतिहासातच आहे, आणि त्या इतिहासाशी आपला मराठी माणसांचा जवळचा संबंध आहे. 25 एप्रिल 1974 रोजी पोर्तुगालमधील अनेक दशकांची हुकूमशाही लष्करातील तरुण अधिकाऱ्यांनी एका दिवसात उलथून टाकली, तेव्हा लिस्बनच्या रस्त्यांवर लोकांनी सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुले खोवली आणि ती क्रांती त्याच फुलाच्या नावाने जगात ओळखली गेली. ते फूल त्या दिवशी एवढ्या मुबलकतेने हाती लागले याचे एक साधे कारण असे की एप्रिलअखेर हा तेथे त्याच्या बहराचा काळ. त्या क्रांतीने सत्तेवर आलेल्या नव्या राजवटीने जे निर्णय केले त्यांत गोव्याचाही निर्णय होता. 1961 च्या डिसेंबरात मुक्त झालेल्या गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व जुन्या राजवटीने अखेरपर्यंत मान्य केले नव्हते. ते मान्य करणारा करार 31 डिसेंबर 1974 रोजी दिल्लीत झाला, आणि त्यावर पोर्तुगालच्या वतीने मारिओ सोआरिश यांनी व भारताच्या वतीने त्या वेळचे आपले परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी सही केली. ज्या फुलाच्या नावाशी गोव्याच्या प्रश्नाचा कायदेशीर शेवट जोडलेला आहे, ते आपल्या अंगणात फुलावे असे कोकणातल्या माणसाला वाटले तर त्यात परकेपणा मुळीच नाही. मात्र लिस्बनला जे फूल एप्रिलात टोपल्यांनी मिळते, ते कर्जतच्या एप्रिलात शोधू नये. समुद्रावरचा वारा येथपर्यंत पोहोचतो तो दमलेला, सह्याद्रीच्या भिंतीखाली हवा कोंडते, आणि चैत्र-वैशाखातील पारा चाळीस अंशांच्या पलीकडे जातो. आपला कार्नेशनचा महिना माघ आहे.

यावर कोणी घाटापलीकडे बोट दाखवील. बोरघाट चढून गेले की तळेगाव दाभाड्याच्या औद्योगिक क्षेत्रात खास फुलशेतीसाठी राखलेल्या जमिनीवर पॉलिहाऊसांच्या रांगाच्या रांगा उभ्या आहेत, त्यांतून गुलाब, जर्बेरा आणि कार्नेशन पिकवून देशोदेशी धाडली जातात, फुलशेतीचे शिक्षण देणारे प्रशिक्षण केंद्रही तेथे आहे. मग खोपोलीहून तासाभराच्या अंतरावर जे साधते ते खालापुरात का साधू नये, असा प्रश्न स्वाभाविकच विचारला जातो. त्याचे उत्तर घाटाच्या उंचीत आहे. तळेगावचे पठार समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांच्या वर आहे आणि खोपोली किंवा कर्जत शंभर मीटरांच्या आत. पावसाचा मुख्य मारा घाटमाथा स्वतःवर घेतो आणि मावळच्या पूर्वेकडे तो झपाट्याने ओसरत जातो, तर पायथ्याचे आपले दोन तालुके त्याच्या ऐन तडाख्यात सापडतात. पॉलिहाऊसमध्ये हवा थंड करण्याची जी रूढ पद्धत आहे, म्हणजे एका बाजूला ओले पॅड आणि दुसऱ्या बाजूला हवा ओढणारे पंखे, ती पाण्याच्या बाष्पीभवनावर चालते. आणि बाष्पीभवन होण्यासाठी बाहेरची हवा कोरडी असावी लागते. कर्जतच्या जुलैत हवा आधीच पाण्याने भरलेली असते. तिथे पंखे कितीही फिरले तरी विजेचे बिल वाढते आणि तापमान उतरत नाही. तेव्हा घाटावरील उद्योगाची नक्कल पायथ्याशी करू पाहणाऱ्याने भांडवल गुंतवण्यापूर्वी एवढा विचार करावा. आणि ज्याला उद्योग करावयाचा नसून फक्त अंगणात फुले पाहावयाची आहेत त्याने तर त्या खटाटोपात पडूच नये.

त्याला हा खटाटोप करावा लागतही नाही, कारण आपला हिवाळा या फुलाच्या कामासाठी पुरेसा आहे. अंतर्भागातील रायगडचा हिवाळा अलिबाग-मुरूडच्या हिवाळ्यासारखा समुद्राने शेकलेला नसतो. डिसेंबर-जानेवारीत नेरळच्या खाचरांवर धुके उतरते, पहाटे पारा चौदा-पंधरा अंशांपर्यंत खाली येतो, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली जातो. आपल्या शेतकऱ्याला या हिवाळ्याचे मोल फार पूर्वीपासून ठाऊक आहे: भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर तो वाल टोकतो, आणि थंडी व दव यांच्या आधाराने ते पीक काढून घेतो. भिवपुरीच्या टाटा वीजगृहातून बाहेर पडणारे पाणी राजनाल्याच्या कालव्यातून ज्यांच्या शिवारात खेळते ते त्यापुढे उन्हाळी भातही करतात. एकाच जमिनीने ऋतूप्रमाणे वेगवेगळी पिके द्यावीत हा येथला जुना दस्तूर आहे. बागेने तो दस्तूर पाळावा एवढेच माझे म्हणणे आहे.

आता प्रत्यक्ष लागवडीकडे वळतो. बियांपासून कार्नेशन करावयाचे असेल तर शाबो नावाने मिळणारे एकवर्षायू वाण घ्यावे. कारण फुलवाल्यांकडे दिसणाऱ्या लांब दांड्याच्या एकेरी फुलांचे वाण छाट्यांपासूनच करावे लागतात. बी पेरण्याची वेळ गणपतीचे विसर्जन आटोपल्यानंतरची, म्हणजे भाद्रपदाच्या उत्तरार्धातील. परंतु पाऊस त्या वेळी गेलेला नसतो आणि हस्ताच्या सरी तर रोपांना अक्षरशः झोडपून काढतात, म्हणून पेरणी पडवीत किंवा ओटीच्या छपराखाली उथळ कुंड्यांत करावी, जेथे प्रकाश पोहोचेल आणि पागोळीचा थेंब पोहोचणार नाही. आठ-दहा दिवसांत बी उगवते. चार-पाच पाने झाली, हस्त सरला, आकाश निवळले आणि मातीला वाफसा आला की रोपे कायमच्या जागी न्यावीत. ज्याला बियांचा सायास नको त्याने याच सुमारास घाटावरील विश्वासू रोपवाटिकेतून मुळे धरलेल्या छाट्या आणाव्यात. ऑक्टोबरच्या मध्यास लावलेली अशी छाटी साधारण चार महिन्यांत फुलावर येते, म्हणजे माघाचा मुहूर्त साधतो. आणि ज्याची ही पहिलीच खेप असेल त्याने कार्नेशनच्या चुलत घराण्यातील चिनी पिंक किंवा स्वीट विल्यम ही झाडे आधी करून पाहावीत. ती अधिक सोशिक आहेत, लवकर फुलतात, आणि कार्नेशनची निगा कशी राखावी याचे शिक्षण कमी खर्चात देतात. या चुलतभावांचे नाते वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात एका विशेष कारणाने नमूद आहे: लंडनमधील थॉमस फेअरचाइल्ड नावाच्या माळ्याने 1717 च्या सुमारास स्वीट विल्यमचे पराग कार्नेशनच्या फुलावर घालून जे रोप मिळवले, ते मनुष्याने हेतुपूर्वक केलेले पहिले संकरित झाड मानले जाते. संकरित भाताची आणि संकरित टोमॅटोची जी परंपरा आज जगाला अन्न पुरवते तिचा आरंभ अशा एका बागेतल्या फुलापाशी झाला, ही गोष्ट मला या फुलाच्या सौंदर्याइतकीच महत्त्वाची वाटते.

मातीविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण या तालुक्यांतील बहुतेक कार्नेशन मातीपायीच दगावतात. बंगल्याच्या आवारात जी जमीन असते ती एकतर भातखाचराची, म्हणजे चिकट आणि पाणी धरून ठेवणारी, नाहीतर बांधकामाच्या वेळी डोंगर खणून आणलेल्या मुरमाची. दोन्ही ठिकाणी रोप सरळ जमिनीत लावणे इष्ट नाही. वीतभर उंचीचा गादीवाफा करावा, किंवा बुडाला चांगली भोके असलेली रुंद कुंडी घ्यावी. आणि तिच्यात पोयट्याची माती, नदीची जाड वाळू, पुरते कुजलेले शेणखत आणि भाताचा तूस यांचे मिश्रण भरावे. तूस हा तर आपल्या तालुक्यातला घरचा माल. प्रत्येक भातगिरणीच्या मागे त्याचा ढीग असतो. मातीत तो मिसळला की ती भुसभुशीत राहते आणि मुळांना हवा मिळते. पॉलिहाऊसवाले गाड्या भरभरून तूस नेतात ते याच कारणासाठी. कार्नेशनला मातीचा सामू सहा ते सातच्या दरम्यान मानवतो आणि आपली पावसाने धुपलेली माती बहुधा आम्लतेकडे झुकलेली असते, म्हणून मिश्रणात थोडी चुनखडीची भुकटी किंवा हाडांचे खत घालणे हितावह. लावताना रोप उथळ लावावे. मुळांचा गड्डा जेमतेम झाकला जावा आणि खोडाचा बुंधा मातीच्या वर उघडा राहावा. सर्व झाडांना खोल रोवण्याची आपल्या माळ्यांची सवय मिरचीच्या किंवा वांग्याच्या रोपाला खपून जाते. कार्नेशन तशाने बुंध्याशी कुजते. पाणी सकाळी, बुंध्यालगतच्या मातीत, आणि वरचा थर सुकल्याचे बोटाने पाहूनच द्यावे. झारीने पानांवर आणि फुलांवर पाणी शिंपडण्याचा मोह टाळावा, कारण रात्रीचे दव पाकळ्यांवर बुरशी आणण्यास एरवीच पुरेसे असते.

रोपाला पाच-सहा पेरे झाली की त्याचा शेंडा खुडावा. नवख्या माणसाचा हात येथे अडखळतो. वाढत्या झाडाचा कोवळा शेंडा मोडून टाकणे त्याच्या जिवावर येते. परंतु शेंडा खुडल्याशिवाय बाजूच्या फांद्या सुटत नाहीत आणि झाड एकाच दांड्यावर आपली सगळी शक्ती खर्च करते. फांद्या सुटल्या की त्यांना आधार हवा, कारण कार्नेशनचा दांडा लांब आणि पेऱ्यांशी ठिसूळ असतो. त्यासाठी वाफ्याच्या चारी कोपऱ्यांना बांबूच्या काठ्या रोवून वीत-वीत अंतरावर सुतळीची आडवी-उभी जाळी विणावी, म्हणजे प्रत्येक दांडा आपल्या चौकटीतून सरळ वर येतो. मोठे एकेरी फूल हवे असेल तर मुख्य कळीच्या खालच्या लहान कळ्या वाटाण्याएवढ्या होताच काढाव्यात. झुपक्याने फुले हवी असतील तर उलट मधली कळी काढून बाजूच्या ठेवाव्यात.

कर्जत-खालापूरच्या हवेत या फुलाची एक व्यथा हमखास उद्भवते, आणि तिचे कारण ठाऊक नसल्यामुळे लोक रोपवाटिकेला किंवा माळ्याला दोष देतात. कळी फुगत असताना तिचे हिरवे आवरण एका बाजूने उभे फाटते आणि पाकळ्या त्या भेगेतून बाहेर लोंबू लागतात. दिवस-रात्रीच्या तापमानातील अंतर आठ-दहा अंशांपलीकडे गेले की हा प्रकार वाढतो. आपल्या हिवाळ्यात दुपारी तीस-बत्तीस आणि पहाटे चौदा-पंधरा अशी स्थिती असते, म्हणजे अंतर त्याच्या जवळजवळ दुप्पट. ते मिटवणे आपल्या हाती नाही. कमी करणे मात्र थोडेफार आहे. वाफा अशा ठिकाणी करावा की जेथे सकाळचे ऊन भरपूर मिळेल आणि दुपारनंतर भिंतीची किंवा आंब्याची सावली येईल. अतिशय भरगच्च पाकळ्यांच्या वाणाऐवजी मध्यम भराचे वाण निवडावे. बोरॉनच्या उणिवेनेही आवरण फाटते, म्हणून कळ्या धरण्याच्या सुमारास लिटरभर पाण्यात एक ग्रॅम बोरॅक्स विरघळवून ते एकदा फवारावे. आणि एवढे करूनही ज्या कळ्या तटतटलेल्या दिसतील त्यांच्याभोवती बारीक रबरी कडे चढवावे. फुलांचे मोठमोठे उत्पादकही तेच करतात.

माघ संपता संपता ऊन चढू लागते आणि पानांच्या मागच्या बाजूला लाल कोळी जमतो. पाने निस्तेज, ठिपकेदार दिसू लागली की भिंगाने मागची बाजू पाहावी; सुरुवातीलाच पानांच्या खालून पाण्याचा फवारा मारला आणि पाच टक्के निंबोळी अर्क दिला तर बहुतेक वेळा भागते. फुलकिडे पाकळ्यांवर पांढरट चरे पाडतात, त्यांनाही हाच उपाय. परंतु खरा शत्रू म्हणजे मर. फ्युझारियम जातीची बुरशी मुळांतून शिरून खोडातील पाणी वाहणाऱ्या नलिका बंद पाडते, झाडाची एक बाजू प्रथम पिवळी पडते आणि मग सगळे झाड वाळते. यावर लागण झाल्यानंतर औषध नाही. ते झाड मुळाभोवतालच्या मातीसकट काढून दूर नेऊन जाळावे आणि त्या जागी पुन्हा कार्नेशन लावू नये. प्रतिबंध मात्र आहे, आणि तो या तालुक्यांतील उन्हाळ्यातच आहे. चैत्र-वैशाखात रिकामा झालेला वाफा एकदा भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक घट्ट ताणून कडा मातीने दाबून टाकाव्यात आणि महिना-दीड महिना तसेच ठेवावे. खालची माती इतकी तापते की बुरशी, सूत्रकृमी आणि तणांचे बी यांचा पुष्कळसा नाश होतो. भाताची रोपे टाकण्यापूर्वी राब भाजणारा आपला शेतकरी आगीच्या उष्णतेने जमिनीची हीच शुद्धी पिढ्यानपिढ्या करीत आला आहे. म्हणजे ज्या उन्हाळ्यात कार्नेशन जगू शकत नाही तोच उन्हाळा पुढच्या वर्षीच्या कार्नेशनची जमीन शुद्ध करून देतो. झाड बारमाही ठेवण्याच्या हट्टाने हा लाभ हातचा जातो.

फुले खुडल्यावर ती पंधरवडाभर टिकतात हा या फुलाचा मोठा गुण. पण पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूचे त्याला अतिशय वावडे आहे. त्या वायूच्या नुसत्या संपर्काने पाकळ्या आत वळतात आणि फूल मिटल्यासारखे होते. तेव्हा केळ्यांचा घड टांगलेल्या खोलीत फुलदाणी ठेवू नये.

दोन आक्षेपांचा येथे परामर्श घेणे अवश्य आहे. पहिला आक्षेप निष्ठावंत निसर्गप्रेमींचा: परदेशी फूल कशाला, मोगरा, अबोली, सोनचाफा, अनंत, बकुळ असताना? या फुलांवरील त्यांच्या प्रेमात मी पूर्णपणे सहभागी आहे. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात येथल्या बागेवर त्यांचाच हक्क आहे असे माझे मत आहे. पण परदेशीपणाच्या कसोटीवर फुले नाकारू लागलो तर दसऱ्याचे तोरण ज्याचे होते तो झेंडू आणि लग्नमंडपाला सुगंध देणारा निशिगंध ही दोन्ही मेक्सिकोची, काजू ब्राझीलचा, मिरचीही अमेरिकेची. बाहेरून आलेल्या झाडाचे येथे काय होते हे त्याच्या जन्मस्थानावर अवलंबून नसून ते येथल्या ऋतूशी जुळते की नाही यावर अवलंबून आहे. झेंडूने आपला पाऊस स्वीकारला म्हणून तो आपला झाला. कार्नेशनने आपला हिवाळा स्वीकारला आहे. त्याहून अधिक त्याच्याकडून मागू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो पाण्याचा आहे. एवढा पाऊस पडणाऱ्या या तालुक्यांत एप्रिल-मे महिन्यांत डोंगरातल्या आदिवासी वाड्यांच्या विहिरी तळ गाठतात, ठाकूर आणि कातकरी स्त्रिया हंडे घेऊन दूरवर जातात, आणि कित्येक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. त्याच महिन्यांत खालच्या बंगल्यांत कूपनलिकेचे पाणी हिरवळीवर आणि ऋतुबाह्य फुलांवर रोज ओतले जात असेल, तर ती बाग कितीही देखणी असली तरी तिचे समर्थन मी करू शकत नाही. जमिनीखालील पाणी कुंपणाच्या भिंती ओळखत नाही. कार्नेशनला फाल्गुनाअखेर निरोप द्यावा असे मी म्हणतो ते त्या झाडाच्या प्रकृतीसाठी जेवढे, तेवढेच या पाण्यासाठी. हिवाळ्यातील त्याची गरज माफक असते, आणि त्या वेळी विहिरींना पाणी असते. ज्येष्ठापूर्वीच्या दोन महिन्यांत मात्र वाफ्यावर प्लास्टिक असावे आणि पंप बंद असावा.

बंगल्याचा मालक आठवड्यातून दोन दिवस येतो आणि उरलेले पाच दिवस झाडाकडे पाहतो तो राखणदार, ही वस्तुस्थितीही विसरता कामा नये. तो बहुधा जवळच्या वाडीतला असतो. रानातल्या कोणत्या वेलीला कोणत्या नक्षत्रात कोंब फुटतो हे त्याला ठाऊक असते, भारंगी, शेवळं, कुर्डू यांच्या वेळा त्याच्या घरातील स्त्रियांना तोंडपाठ असतात. अशा माणसाला कार्नेशनची रीत एकदा नीट समजावून सांगितली तर तो ती आपल्यापेक्षा अधिक बारकाईने पाळतो. पण शेंडा का खुडायचा, बुंधा उघडा का ठेवायचा, पाणी केव्हा द्यायचे नाही, हे त्याला न सांगता नुसता हुकूम करावयाचा आणि झाड मेले की त्याला बोल लावावयाचा, हा व्यवहार अन्यायाचा आहे. त्याला कामाचे योग्य वेतन द्यावे, आणि वाफ्यात जी जास्तीची फुले येतील त्यांवर त्याचा हक्क मानावा. पहाटेच्या लोकलने दादरच्या फूलबाजारात माल नेणारी माणसे या तालुक्यांत पुष्कळ आहेत; कार्नेशनच्या वीस दांड्यांच्या जुडीला तेथे गिऱ्हाईक असते.

रोपवाटिकांच्या चालकांकडे माझे एक मागणे आहे. कार्नेशनचे रोप विकताना त्याच्या पिशवीला एक चिठ्ठी बांधावी, आणि तीवर हे रोप कोणत्या महिन्यात लावावे, कोणत्या महिन्यात ते संपेल, हे मराठीत ठळकपणे लिहावे. मे महिन्यात हे रोप मागणाऱ्या गिऱ्हाइकाला नकार द्यावा आणि त्याला मोगरा द्यावा. यात धंद्याचे नुकसान आहे असे मला वाटत नाही. ज्याचे झाड मेले तो गिऱ्हाईक पुन्हा येत नाही, आणि ज्याचे फुलले तो दर आश्विनात येतो.

कर्जतलाच कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक संशोधन केंद्र आहे. कर्जत हे नाव घेतलेल्या त्याच्या भाताच्या जाती कोकणभर आणि कोकणाबाहेरही पेरल्या जातात, आणि त्या कामाबद्दल या भूमीने त्याचे ऋणी राहिले पाहिजे. भाताचे ते काम यत्किंचितही कमी न करता, केंद्राने आवारातील दोन-चार गुंठे हिवाळी फुलांना द्यावेत, कार्नेशन, पिंक आणि स्वीट विल्यम यांची पेरणी वेगवेगळ्या तारखांना करून कोणती तारीख येथे साधते ते पाहावे, आणि मिळालेला निष्कर्ष तालुका कृषी कार्यालयामार्फत एका पानाच्या वेळापत्रकाच्या रूपाने छापून द्यावा. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात जी फुले पाहून आपले लोक हौसेने रोपे विकत आणतात ती घाटावरच्या हवेतली असतात, आणि त्यांच्या लागवडीची जी पुस्तके आहेत तीही बहुधा घाटावरच्या हवेसाठीच लिहिलेली. पायथ्याच्या हवेसाठी तारखांचा असा एक कागद आजवर माझ्या पाहण्यात आलेला नाही. तो तयार झाला तर कर्जत, नेरळ, चौक आणि खोपोली येथील प्रत्येक रोपवाटिकेत आणि प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा, आणि तो श्रावण संपण्यापूर्वी लोकांच्या हाती द्यावा, म्हणजे गणपतीनंतरची पेरणी चुकणार नाही.